ब्रँच रिकीचा हिशेब

२६९ विजय आणि ५०१ पराभव. एखाद्या संघाची सलग पाच वर्षांची ही कामगिरी असेल, तर तो संघ बांधणाऱ्या माणसाविषयी आपण काय म्हणू? बहुधा एवढेच म्हणू, की त्याला हे काम जमत नव्हते.

हे आकडे आहेत अमेरिकेतील पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचे, १९५१ ते १९५५ या पाच हंगामांचे. आठ संघांच्या लीगमध्ये हा संघ या काळात एकदा सातवा आणि चार वेळा आठवा, म्हणजे अगदी शेवटचा आला. संघाचा जनरल मॅनेजर होता ब्रँच रिकी. याच रिकीला मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९६७ साली, बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले. हा त्या खेळातला सर्वोच्च मान. बेसबॉलच्या इतिहासातील सर्वांत थोर व्यवस्थापक कोण, असे विचारले तर आजही अनेक जाणकार रिकीचेच नाव घेतात.

मग चूक कोणाची? आकड्यांची, की मान देणाऱ्यांची? आमचा पेशा मोजमापाचा. मोजपट्टी लावण्यापूर्वी आपण नक्की काय मोजतो आहोत, हे ठरवावे लागते, हा धडा आम्ही प्रयोगशाळेत वारंवार शिकलो आहोत. रिकीच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना तोच धडा फार चांगला गिरवता येतो.

काम काय आणि मोजायचे काय?

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा नातलग. एक जण चेंडू फेकतो, दुसरा तो टोलवतो आणि चार बेस पुरे केले की एक धाव होते. आपण ज्या काळाविषयी बोलत आहोत त्या काळात अमेरिकेत दोन मोठ्या लीग होत्या. प्रत्येकीत आठ संघ आणि प्रत्येक संघाचे हंगामात १५४ सामने. हंगामाच्या शेवटी दोन्ही लीगचे विजेते एकमेकांशी खेळत. या लढतीला 'वर्ल्ड सीरीज' म्हणतात. सात सामन्यांपैकी चार आधी जिंकणारा संघ जगज्जेता.

मैदानावर डावपेच ठरवणारा माणूस वेगळा आणि जनरल मॅनेजर वेगळा. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता विकायचा, कोणाला किती पगार द्यायचा, नवी मुले कुठून शोधायची आणि त्यांना कसे घडवायचे, ही जनरल मॅनेजरची कामे. म्हणजे तो सामने जिंकत नाही, जिंकणारा संघ उभा करतो. त्याच्या आजच्या निर्णयाचे फळ चार, पाच, कधी आठ वर्षांनी दिसते. ही एक गोष्ट पुढच्या सर्व चर्चेत लक्षात ठेवायला हवी.

ब्रँच रिकीचा जन्म १८८१ मध्ये ओहायो राज्यातला. खेळाडू म्हणून तो सामान्यच होता. १९०७ साली तो यष्टिरक्षकासारख्या जागी खेळत असताना प्रतिस्पर्धी संघाने एकाच सामन्यात त्याच्यासमोर १३ वेळा बेस चोरला. कडव्या धार्मिक वृत्तीचा हा माणूस रविवारी मैदानावर पाऊल टाकत नसे. त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत तो रमला नाही. १९१७ साली तो सेंट लुईस कार्डिनल्स या संघात व्यवस्थापनासाठी आला आणि त्याचे खरे काम सुरू झाले.

खेळाडूंची रोपवाटिका

कार्डिनल्स संघ गरीब होता. चांगला खेळाडू दिसला की न्यूयॉर्क, शिकागोचे श्रीमंत संघ जास्त पैसे मोजून त्याला घेऊन जात. रिकीने विचार केला, की तयार खेळाडू विकत घेणे परवडत नसेल तर ते आपणच तयार करावेत. त्याने लहान गावांतले छोटे संघ एकेक करून विकत घ्यायला किंवा करारबद्ध करायला सुरुवात केली. शेकडो पोरे अगदी थोड्या पैशांत घ्यायची, खालच्या पायरीवरून वर चढवत न्यायची, त्यातून दहा-वीस हिरे निवडायचे आणि उरलेले चांगले खेळाडू इतरांना विकून खर्च भागवायचा, अशी ही योजना होती. तिला 'फार्म' पद्धत असे नाव पडले. १९४० च्या सुमारास कार्डिनल्सच्या ताब्यात तीसहून अधिक छोटे संघ होते.

मुळात यामागे संभाव्यतेचा साधा नियम आहे. सतरा वर्षांच्या मुलाकडे पाहून तो पुढे मोठा खेळाडू होईल की नाही, हे खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी निवड अचूक करण्याच्या मागे न लागता नमुना मोठा घ्यावा.

या पद्धतीला दुसरी बाजूही होती. त्या काळच्या करारांनुसार खेळाडू कायमचा संघाशी बांधलेला असे. चांगली मुले वर्षानुवर्षे खालच्या संघांत अडकून पडत. खेळाडूंच्या विक्रीच्या पैशात रिकीचा स्वतःचाही वाटा असे. बेसबॉलचे आयुक्त न्यायाधीश लँडिस यांनी १९३८ मध्ये कार्डिनल्सच्या ७० हून अधिक खेळाडूंना करारांतून मुक्त केले. हिशेबाच्या वहीत ही नोंदही हवी.

वहीचे पहिले पान: कॅलेंडरप्रमाणे

आता सरळ मोजू. रिकी ज्या वर्षी ज्या संघात होता, त्या वर्षीचे यश त्याच्या नावावर. सेंट लुईसमध्ये १९१७ ते १९४२ या काळात लीगची सहा अजिंक्यपदे: १९२६, १९२८, १९३०, १९३१, १९३४ आणि १९४२. त्यांपैकी चार वेळा वर्ल्ड सीरीजही जिंकली. ब्रुकलिन डॉजर्समध्ये १९४३ ते १९५० या काळात दोन अजिंक्यपदे, १९४७ आणि १९४९. दोन्ही वेळा न्यूयॉर्क यांकीज संघाने वर्ल्ड सीरीजमध्ये हरवले. पिट्सबर्गमध्ये पाच वर्षांत शून्य. एकूण ३९ हंगाम, आठ अजिंक्यपदे, चार वर्ल्ड सीरीज.

हे बरे की वाईट? तुलनेसाठी पाया हवा. लीगमध्ये आठ संघ आहेत. दर वर्षी चिठ्ठी टाकून विजेता ठरवला असता, तरी ३९ वर्षांत एका संघाच्या वाट्याला सुमारे पाच अजिंक्यपदे आली असती. यात योगायोगाने दोनचा फरक इकडे-तिकडे सहज पडतो. म्हणजे रिकीची आठ अजिंक्यपदे चिठ्ठ्यांपेक्षा जास्त आहेत, पण डोळे दिपावेत इतकी नाहीत. या पानावर रिकी चांगला व्यवस्थापक दिसतो, थोर दिसत नाही.

वहीचे दुसरे पान: फळे केव्हा आली?

आजोबांनी लावलेल्या आंब्याची फळे नातू खातो. रिकीने १९४२ च्या अखेरीस सेंट लुईस सोडले. त्यानंतर कार्डिनल्सने १९४३, १९४४ आणि १९४६ मध्ये लीग जिंकली, आणि शेवटच्या दोन वर्षी वर्ल्ड सीरीजही. हे जिंकणारे स्टॅन म्यूझिअल, एनॉस स्लॉटर, मार्टी मॅरियन हे सारे रिकीच्या रोपवाटिकेतले होते.

१९४६ चा हंगाम तर निसर्गाने मांडलेल्या प्रयोगासारखा आहे. १५४ सामन्यांनंतर कार्डिनल्स आणि डॉजर्स यांचे गुण समान झाले. बेसबॉलच्या मोठ्या लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच अजिंक्यपदासाठी जादा सामने खेळवावे लागले आणि कार्डिनल्सने डॉजर्सना २-० असे हरवले. म्हणजे रिकीच्या जुन्या संघाने रिकीच्या नव्या संघाला हरवले! कॅलेंडरच्या हिशेबात हा रिकीचा पराभव. प्रत्यक्षात लीगमधले सर्वोत्तम दोन्ही संघ त्याच्याच हातचे होते.

ब्रुकलिनमध्येही तेच घडले. १९५० मध्ये रिकी तिथून बाहेर पडला. त्यानंतर डॉजर्सने १९५२, १९५३, १९५५ आणि १९५६ मध्ये लीग जिंकली. १९५५ ची वर्ल्ड सीरीज ही ब्रुकलिनची पहिली आणि एकमेव. त्या संघाचा कणा म्हणजे जॅकी रॉबिन्सन, रॉय कॅम्पानेला, ड्यूक स्नायडर, गिल हॉजेस, डॉन न्यूकम. हे सर्व रिकीच्या काळात संघात आलेले.

१९४२ ते १९५६ या पंधरा हंगामांत नॅशनल लीगची दहा अजिंक्यपदे सेंट लुईस आणि ब्रुकलिन या दोनच संघांकडे गेली. आठांपैकी दोन संघांच्या वाट्याला योगायोगाने चारच्या आसपास यायला हवी होती.

मग रिकी गेल्यानंतरचे सगळे यशही त्याच्या नावावर मांडायचे का? सेंट लुईसची तीन, ब्रुकलिनची चार आणि पिट्सबर्गचे १९६० चे एक अशी आठ आणखी धरली, तर बेरीज सोळा होते. एकच माणूस, एकच कारकीर्द. एका मोजणीने आठ, दुसरीने सोळा. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण दुसरी मोजणीही निर्दोष नाही.

वारसा आणि योगायोग

रिकी ब्रुकलिनला आला तेव्हा त्याला रिकामे मैदान मिळाले नव्हते. आधीचा व्यवस्थापक लॅरी मॅकफेल याने १९४१ मध्ये लीग जिंकणारा संघ बांधलेला होता. डॉजर्सचा पुढचा कर्णधार पी वी रीस हा मॅकफेलनेच आणलेला. शिवाय १९५५ च्या निर्णायक सामन्यात चेंडू फेकून विजय मिळवून देणारा जॉनी पोड्रेस हा रिकी गेल्यानंतर संघात आला. कोणताही संघ एका माणसाचा नसतो. रिकीला नंतरचे श्रेय द्यायचे, तर आधीच्यांचे ऋणही त्याच्या खात्यातून वजा करायला हवे.

दुसरा प्रश्न योगायोगाचा. वर्ल्ड सीरीज दोनदा हरल्यामुळे ब्रुकलिनचा संघ ऐनवेळी कच खातो, असे बोलले जाई. पण सात सामने म्हणजे फारच लहान नमुना. हा प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. एका डब्यात वीस चिठ्ठ्या घ्या. अकरांवर 'अ' आणि नऊंवर 'ब' लिहा. एक चिठ्ठी काढा, नोंद करा, परत डब्यात टाकून हलवा. ज्याच्या चार चिठ्ठ्या आधी निघतील तो जिंकला. 'अ' हा स्पष्टपणे सरस संघ आहे, तरी शंभर मालिकांपैकी सुमारे ३९ मालिका 'ब' जिंकतो! चाळीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक मालिका केली, की पंधरा-सोळा विद्यार्थी 'ब जिंकला' असे सांगतील. म्हणून व्यवस्थापकाला दोन वर्ल्ड सीरीजवरून जोखणे म्हणजे दोन चिठ्ठ्यांवरून डबा जोखणे होय. १५४ सामन्यांची लीग हा त्यापेक्षा कितीतरी भरवशाचा पुरावा आहे.

पिट्सबर्ग: अपयश की पेरणी?

आता सुरुवातीच्या त्या आकड्यांकडे वळू. इथे योगायोगाची सबब चालणार नाही. १५४ सामन्यांत सर्वसाधारण संघ ७७ जिंकतो आणि नुसत्या योगायोगाने त्यात साधारण सहाचा फरक पडतो. पायरेट्सने १९५२ मध्ये जिंकले ४२. सरासरीपेक्षा ३५ ने कमी. तो संघ खरोखरच वाईट होता.

का? एक कारण म्हणजे रिकीची युक्ती आता सगळ्यांना ठाऊक झाली होती. १९२० च्या दशकात रोपवाटिका असलेला तो जवळजवळ एकटा होता. १९५० पर्यंत प्रत्येक संघाने तीच पद्धत उचलली होती. नव्या पद्धतीचा फायदा ती सर्वांची होईपर्यंतच टिकतो. दुसरे, कोरियातील युद्धामुळे तरुण खेळाडू सैन्यात गेले. तिसरे, रिकीने हेतुपुरस्सर अननुभवी पोरे मोठ्या सामन्यांत उतरवली. त्याने राल्फ काइनरलाही विकून टाकले. काइनर सलग सात हंगाम होमरनमध्ये लीगमध्ये पहिला किंवा बरोबरीने पहिला होता. संघ शेवटचाच येणार असेल तर तो काइनरशिवायही येऊ शकतो, असा रिकीचा रोकडा हिशेब होता. प्रेक्षकांना अर्थातच तो रुचला नाही.

आणि तरीही १९६० मध्ये याच पिट्सबर्गने बलाढ्य यांकीजना हरवून वर्ल्ड सीरीज जिंकली. शेवटच्या सामन्यात विजयी होमरन मारणारा बिल मॅझेरॉस्की रिकीच्या काळात आलेला. त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला डिक ग्रोट रिकीनेच घेतलेला. आणि रोबेर्तो क्लेमेंते! पोर्तोरिकोचा हा तरुण डॉजर्सच्या एका छोट्या संघात होता. त्या वेळच्या नियमानुसार असा खेळाडू इतर संघांना ४००० डॉलरना उचलता येई आणि निवडीचा पहिला हक्क शेवटच्या क्रमांकाच्या संघाला असे. नोव्हेंबर १९५४ मध्ये पिट्सबर्गने क्लेमेंतेला उचलले. संघ तळाला होता म्हणूनच हा हिरा हाती लागला.

पण १९६० च्या विजयाचे श्रेय वाटताना प्रामाणिक राहायला हवे. त्या वर्षीचा लीगचा प्रमुख पिचर व्हर्न लॉ हा रिकी येण्यापूर्वी, १९४८ मध्ये घेतलेला होता. बिल व्हर्डन, डॉन होक, हार्वी हॅडिक्स हे रिकीनंतर आलेल्या जो ब्राउनने मिळवले. तीन व्यवस्थापकांच्या पेरणीचे ते एकत्र पीक होते. म्हणून आमच्या मते पिट्सबर्गची पाच वर्षे हे अपयशच आहे, कारण पाच वर्षांत संघ वर आणण्याची त्याची योजना फसली. मात्र ते वांझ अपयश नव्हते.

वहीत न मावणारी नोंद

२८ ऑगस्ट १९४५ रोजी रिकीने ब्रुकलिनमधल्या आपल्या कचेरीत जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला बोलावून घेतले. तोवर अर्धशतकाहून अधिक काळ मोठ्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळलेला नव्हता. लेखी नियम नव्हता, पण सोळाही संघ तो पाळत होते. मैदानावर शिव्या, धमक्या, अपमान होतील, आणि निदान सुरुवातीला तरी त्यांना उत्तर देऊन चालणार नाही, हे रिकीने त्याला स्पष्ट सांगितले. एक वर्ष माँट्रियलच्या संघात काढून १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन डॉजर्सतर्फे मैदानात उतरला.

यामागे रिकीची न्यायबुद्धी होती, की खेळाडूंचा न वापरलेला साठा हेरणारी व्यवहारबुद्धी? दोन्ही होत्या, असेच म्हणावे लागते. व्यवहारही चोख ठरला. १९४९ ते १९५६ या आठ वर्षांत नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब पाच वेळा रॉबिन्सन, कॅम्पानेला आणि न्यूकम या तिघांपैकी कोणाला तरी मिळाला.

इथेही वजाबाकी आहे. रॉबिन्सन ज्या कृष्णवर्णीयांच्या संघातून आला, त्या कॅन्सस सिटी मोनार्क्सना रिकीने एक पैसाही दिला नाही. १९४७ मध्येच क्लीव्हलँडने लॅरी डोबीला घेताना त्याच्या आधीच्या संघाला मोबदला दिला होता. शिवाय कृष्णवर्णीय पत्रकार वर्षानुवर्षे ही मागणी लावून धरत होते, आणि न्यूयॉर्क राज्याने १९४५ मध्ये नोकरीतील भेदभावाविरुद्ध कायदा केला होता. आणि प्रत्यक्ष अपमान सोसला तो रॉबिन्सनने. पण ही वजाबाकी करूनही एक गोष्ट उरतेच. सोळा संघांच्या व्यवस्थापकांसमोर तेच खेळाडू, तीच वर्तमानपत्रे होती. पहिले पाऊल एकानेच टाकले. सोळावा संघ, बोस्टन रेड सॉक्स, तिथे पोहोचायला १९५९ साल उजाडले. विजय-पराभवांच्या कोणत्या रकान्यात हे बारा वर्षांचे अंतर लिहायचे?

मोजणारा आणि मोजला जाणारा

गंमत म्हणजे मोजमापाच्या मर्यादा रिकीलाच चांगल्या ठाऊक होत्या. १९४७ मध्ये त्याने ॲलन रॉथ या संख्याशास्त्रज्ञाला डॉजर्समध्ये पूर्ण वेळ नेमले. बेसबॉल संघाने असे पद निर्माण करण्याची ही पहिलीच वेळ. रॉथ प्रत्येक चेंडूची नोंद ठेवी. चार चेंडू चुकीचे पडले तर फलंदाजाला पहिला बेस आपोआप मिळतो. प्रचलित फलंदाजी-सरासरीत याची दखलच नव्हती. रिकी आणि रॉथ यांनी दाखवले, की फलंदाज कोणत्याही मार्गाने बेसवर किती वेळा पोहोचतो, हे सरासरीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. ऑगस्ट १९५४ मध्ये रिकीने 'लाइफ' साप्ताहिकात संघाचे सामर्थ्य मोजणारे एक लांबलचक सूत्रच प्रसिद्ध केले. त्यात क्षेत्ररक्षण मोजता येत नाही, हेही कबूल केले. त्या वेळी त्याचा स्वतःचा संघ लीगच्या तळाशी होता! पुढे अनेक दशकांनी बेसबॉलच्या संख्याशास्त्राने याच वाटेवरून मोठी मजल मारली.

मग अंतिम हिशेब काय? लीगच्या अजिंक्यपदांत रिकीचा खरा वाटा आठ आणि सोळा यांच्यामध्ये कुठेतरी आहे. नेमका आकडा सांगणे शक्य नाही, आणि सांगण्याचा आग्रहही नको. तयार संघाला शेवटच्या पायरीवरून पलीकडे नेण्यात तो इतरांपेक्षा विशेष सरस होता, असे पुराव्यावरून दिसत नाही. घडवण्याच्या कामात मात्र त्याच्या काळात त्याला जोड नव्हती. खेळाडूंना कमी पैशांत बांधून ठेवण्याचा दोष त्याच्या माथी राहतो. आणि १९४७ ची नोंद या सगळ्यांहून वेगळ्या पानावर लिहावी लागते. हॉल ऑफ फेमची निवड आम्हाला योग्य वाटते, पण कारणे सांगून.

दहावीचा निकाल लागला, की फलकावर त्या वर्षीची टक्केवारी झळकते आणि दहावीला शिकवणाऱ्यांचे कौतुक किंवा कानउघाडणी होते. पाचवीत ज्या बाईंनी अपूर्णांक पक्के करून घेतले, त्यांचे नाव त्या फलकावर नसते. एखाद्या वर्षी तुकडीत वीसच मुले असतील, तर टक्केवारी दहाने वर-खाली होणे हे बहुतांशी चिठ्ठ्यांच्या डब्याचेच काम असते. पुढच्या वेळी असा फलक वाचताना तीन प्रश्न विचारून पाहावेत: यातले कोणी पेरले होते, नमुना किती मोठा आहे, आणि कोणती गोष्ट या रकान्यांत मुळी आलेलीच नाही?